पाच दिवस आणि त्यानंतरचे महिने

सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव, येरमाळा करत बीडकडे निघाले की वाटेत तेरखेडा लागते. आज महाराष्ट्राला हे गाव ठाऊक आहे ते फटाक्यांसाठी. पाऊणशे वर्षांपूर्वी मात्र हा सगळा पट्टा सरहद्दीचा होता. पश्चिमेला बार्शी तालुका म्हणजे मुंबई इलाखा, इंग्रजी मुलूख. तेरखेडा, येरमाळा, कळंब ही गावे ‘मोगलाई’त, म्हणजे हैदराबादच्या निजामाच्या राज्यात. दोन्हींच्या मध्ये करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे नाके. अलीकडे कलदार रुपया, पलीकडे निजामाचा हाली. १५ ऑगस्ट १९४७ नंतर या रेषेला निराळेच वजन आले. बार्शी स्वतंत्र भारतात गेली, उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, गेले नाही.

सशस्त्र संघटना दहशत माजवू लागली तर सरकारने फौज कधी घालावी, किती घालावी आणि त्याची किंमत कोणी मोजावी, हा वाद आपल्याला संसदेवरच्या किंवा मुंबईवरच्या हल्ल्यानंतरचा वाटतो. स्वतंत्र भारतात तो फार लवकर झडला, आणि त्यातला एक मोठा अध्याय आजच्या धाराशिव जिल्ह्याच्या मातीत घडला. त्या कारवाईचे यश आपण दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरे करतो आणि ते योग्यच आहे. पण त्या यशामागोमाग जे घडले ते इथल्या घराघरांत ठाऊक असूनही शाळेच्या पुस्तकात कधी नीट आले नाही. ही उणीव भरून काढणे हे मराठवाड्याचेच काम आहे.

रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचा वकील. तेव्हा लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होते. वेगळा लातूर जिल्हा झाला तो १९८२ साली. १९२७ साली स्थापन झालेल्या इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेची सूत्रे १९४६च्या सुमारास रझवीच्या हाती आली आणि तिचे निमलष्करी दल, म्हणजे रझाकार, गावोगाव फिरू लागले. निजामाने २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारताशी ‘जैसे थे’ करार केला खरा, पण त्या कराराच्या वर्षातच लूट, जाळपोळ, खून आणि स्त्रियांवरचे अत्याचार यांनी कळस गाठला. बिदर जिल्ह्यातील गोरटा, तेलंगणातील भैरनपल्ली इथली हत्याकांडे याच काळातली. मराठवाड्यातली कुटुंबेच्या कुटुंबे बैलगाड्या जुंपून बार्शी, सोलापूर, वऱ्हाड गाठत होती. रझाकारांना विरोध करणारे मुसलमानही सुटले नाहीत. ऑगस्ट १९४८ मध्ये सात मुस्लिम नागरिकांनी भारतात सामील व्हा, रझाकार बरखास्त करा, असे पत्रक काढले. निजामाच्या नोकरीचा राजीनामा दिलेले फरीद मिर्झा त्यांतले एक. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांनी ती भूमिका उचलून धरली आणि त्याच महिन्यात हैदराबादेत भर रस्त्यात त्यांचा खून झाला.

या दहशतीला पहिले उत्तर दिले ते इथल्याच लोकांनी. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवलेले स्वामी रामानंद तीर्थ हैदराबाद स्टेट काँग्रेसचे नेते होते. ते तुरुंगात असताना गोविंदभाई श्रॉफ, दिगंबरराव बिंदू, उस्मानाबादचे फूलचंद गांधी यांनी लढा चालू ठेवला. सुरुवात जंगल सत्याग्रहाने आणि शिंदीची झाडे तोडण्याने झाली. मग सरहद्दीवर सशस्त्र कॅम्प उभे राहिले. कॅम्पवरची मुले रात्री हद्द ओलांडत, करोडगिरीचे नाके जाळत, लेव्हीच्या धान्याचे दप्तर पेटवत, पोलीस ठाण्यांवर चालून जात. जानेवारी १९४८ मध्ये उमरीची बँक लुटून लढ्यासाठी सुमारे २० लाख रुपये मिळवले गेले आणि त्या पैशांचा हिशेबही चोख ठेवला गेला, असे त्या पिढीतले कार्यकर्ते अभिमानाने सांगत. मुंबई सरकारचा आणि दिल्लीचा या कॅम्पांकडे कानाडोळा होता, काही वेळा मदतही होती. म्हणजे दहशतीचा मुकाबला करण्यासाठी सामान्य माणसांच्या हाती शस्त्रे देण्याचा निर्णय प्रत्यक्ष फौज घालण्याआधीच होऊन गेला होता. ती शस्त्रे परत कशी घ्यायची, याचा विचार मात्र कोणी केलेला दिसत नाही.

दिल्लीतल्या वादाला तीन बाजू होत्या. गृहमंत्री वल्लभभाई पटेल यांना उशीर मान्य नव्हता. देशाच्या मधोमध एक सशस्त्र, शत्रुत्व बाळगणारे राज्य राहू देणे त्यांना आत्मघाताचे वाटत होते. पंतप्रधान नेहरूंना फौज घालणे शेवटी अटळ वाटत होते, पण ते दोन गोष्टींना भीत होते: जगात भारत आक्रमक ठरेल आणि देशात इतरत्र हिंदू-मुस्लिम दंगे पेटतील. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, त्यामुळे ही भीती पोकळ नव्हती. तिसरी बाजू लष्करप्रमुख जनरल रॉय बुचर यांची. काश्मीरमध्ये लढाई चालू असताना दुसरी आघाडी उघडू नये, असे त्यांचे मत होते. जुलैमध्ये सोलापूरजवळच्या नान्नज या निजामाच्या हद्दीतील गावाशी भारतीय तुकडीवर हल्ला झाला, चकमक उडाली, आणि वाद हळूहळू पटेलांच्या बाजूने झुकत गेला. २१ ऑगस्टला हैदराबादने संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार नेली. ही दोन राष्ट्रांमधली लढाई ठरू नये म्हणून भारताने कारवाईला ‘पोलीस ॲक्शन’ म्हटले. आजही मराठवाड्यातले म्हातारे लोक ‘ॲक्शनच्या आधी’ आणि ‘ॲक्शननंतर’ अशीच काळाची वाटणी करतात.

या सगळ्या चर्चेत कधी घुसायचे, जग काय म्हणेल, पाकिस्तान काय करेल, देशात दंगे होतील का, असे प्रश्न कसून विचारले गेले. निजामाचे पोलीस पळाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी उस्मानाबादच्या एखाद्या खेड्यात बंदोबस्ताला कोण असेल, या प्रश्नाने मात्र त्या चर्चेत जागा मिळवली नाही.

१३ सप्टेंबर १९४८च्या पहाटे मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या हाताखालची फौज सोलापूरहून निघाली. पहिला मोठा टप्पा नळदुर्गचा. बोरी नदीवरचा पूल उडवून देण्याचा निजामी सैन्याचा बेत होता. तो शाबूत हाती लागला आणि हैदराबादचा रस्ता मोकळा झाला. नळदुर्गच्या या लढाईत दुसऱ्या शीख पलटणीचे हवालदार बचित्तरसिंग कामी आले. अशोकचक्राच्या पहिल्या मानकऱ्यांत त्यांचे नाव आहे. तुळजापूरला दोन तास गोळीबार चालला, दुसऱ्या दिवशी उस्मानाबाद शहरात गल्लीबोळांत चकमकी झडल्या. औरंगाबाद, बेजवाडा आणि इतर बाजूंनीही तुकड्या आत आल्या. १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. १८ तारखेला जनरल एल एद्रूस यांनी सैन्य हवाली केले. भारतीय सैन्याची जीवितहानी शंभराच्या आत राहिली. रझाकार आणि निजामी सैनिक मिळून मेलेल्यांचा आकडा दोन हजारांच्या आसपास सांगितला जातो.

नेहरूंना वाटणारी भीती खरी ठरली नाही. उर्वरित भारतात दंगे झाले नाहीत आणि त्यांनी त्याबद्दल जाहीर समाधान व्यक्त केले. जगाचेही फारसे काही अडले नाही. सरकारने ज्या ज्या गोष्टींची धास्ती घेतली होती त्या टळल्या, म्हणून कारवाई स्वस्तात पार पडली असा निष्कर्ष निघाला. त्याच आठवड्यात उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड जिल्ह्यांत दुसरेच काही सुरू झाले होते.

बातम्या दिल्लीला पोचू लागल्या तेव्हा नेहरूंनी एक सदिच्छा मंडळ पाठवले. पंडित सुंदरलाल त्याचे प्रमुख होते. ‘भारत में अंग्रेजी राज’ या ग्रंथाचे लेखक, गांधींच्या मार्गातले कार्यकर्ते. सोबत ‘पयाम’ या उर्दू दैनिकाचे संपादक राहिलेले काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या तीन आठवड्यांत मंडळाने संस्थानच्या १६ जिल्ह्यांपैकी ९ जिल्हे पाहिले आणि शंभराहून अधिक गावांतल्या पाचशेवर माणसांशी बोलणी केली. निष्कर्ष असा: ॲक्शनच्या काळात आणि नंतर, अगदी हात राखून अंदाज केला तरी, २७ हजार ते ४० हजार माणसे मारली गेली. त्यातली निदान १८ हजार उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांतली. मेलेले बहुतांश मुसलमान. रझवीच्या लातुरात हे सुमारे वीस दिवस चालले. तिथल्या दहा हजारांच्या आसपासच्या मुस्लिम वस्तीपैकी मंडळाला जेमतेम तीन हजार माणसे सापडली. हजाराहून जास्त मारली गेली होती, बाकीची परागंदा झाली होती. पुढच्या अभ्यासकांनी याहून कमी आणि याहून बरेच जास्त असे दोन्ही अंदाज केले आहेत. खालचा आकडा धरला तरी तो लढाईतल्या मृतांच्या कित्येक पट भरतो.

अहवाल एकांगी नाही, म्हणून तो वाचण्यासारखा आहे. रझाकारांच्या अत्याचारांमुळे सुडाची भावना भडकली होती, हे तो मान्य करतो. सोलापूर आणि सीमेपलीकडच्या इतर गावांतून सशस्त्र टोळ्या आल्या आणि त्यांनी काही ठिकाणी पुढाकार घेतला, असे तो सांगतो. काही जागी गणवेशातल्या माणसांनी लुटीला चिथावणी दिली, क्वचित कत्तलीत भागही घेतला, हा गंभीर आरोप त्यात आहे. लष्करी अधिकाऱ्यांनी शिस्त राखली, लोकांना वाचवले, असेही प्रसंग त्यात आहेत. आणि आपल्या शेजाऱ्यांसाठी जीव धोक्यात घालणाऱ्या हिंदूंची नोंदही आहे. विणकरांच्या वस्त्यांत हिंदू विणकरांनी मुस्लिम विणकरांना वाचवल्याचे मंडळाने आवर्जून लिहिले. रझाकारीत ज्यांनी काही केले होते त्यांतले कित्येक आधीच पळाले होते. मागे राहिले ते पिंजारी, अत्तार, तांबोळी, लहान शेतकरी आणि विधवा. दोन्ही वेळा मार खाल्ला तो गावातल्या दुबळ्यांनीच.

पटेलांना हा अहवाल मुळीच पटला नाही. मंडळाने रझाकारांच्या कृत्यांची दखल पुरेशी घेतली नाही आणि सरकारने असे काही मंडळ अधिकृतपणे पाठवलेच नव्हते, असा त्यांचा आक्षेप होता. पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे. मंडळाचे काम ॲक्शननंतरच्या स्थितीपुरते होते आणि आधीचे वर्षभर जे सोसले गेले त्याची तशीच गावनिहाय नोंद व्हायला हवी होती. पण त्यावर उपाय दुसरा अहवाल करणे हा होता. पहिला बासनात बांधणे नव्हे. नेहरूंनीही तो प्रसिद्ध केला नाही. तो लोकांसमोर पूर्ण स्वरूपात आला २०१३ साली, म्हणजे ६५ वर्षांनी.

हे का घडले, याची कारणे फारशी गूढ नाहीत. फौज हमरस्त्याने गेली. नळदुर्ग, उमरगा, जहीराबाद असा तिचा मार्ग, आणि गावे रस्त्यापासून आत. निजामाचा पोलीस पाटलापासून तहसीलदारापर्यंतचा डोलारा दोन दिवसांत कोसळला. त्या जागी कोणी आलेच नाही. नंतर मुंबई, मद्रास आणि मध्य प्रांतातून अधिकारी आणले गेले, पण दप्तर सगळे उर्दूत आणि अनेकांना उर्दू येत नव्हती. कॅम्पांवरची बंदुका हाताळायला शिकलेली मुले आणि त्यांच्या आडून आलेले लुटारू यांच्यात फरक करायला जागेवर माणूस नव्हता. जमिनी, कर्जे, जुनी भांडणे यांचे हिशेब या गोंधळात उरकून घेतले गेले. रझाकार म्हणून हजारो माणसे पकडली गेली. त्यांतल्या बहुतेकांवर खटला उभा करण्याइतका पुरावाच नव्हता, म्हणून पुढे त्यांना सोडावे लागले. सप्टेंबरनंतरच्या हत्यांबद्दलचे खटलेही तडीस गेले नाहीत. म्हणजे आधीच्या पीडितांना न्याय मिळाला नाही, नंतरच्या पीडितांनाही नाही.

वरच्या लोकांचा हिशेब मात्र सौम्यपणे मिटला. निजाम २६ जानेवारी १९५० रोजी हैदराबाद राज्याचे राजप्रमुख झाले. निजामाचे पंतप्रधान लायक अली नजरकैदेतून पळून पाकिस्तानात गेले. रझवीला सात वर्षांची शिक्षा झाली, १९५७ साली तो सुटला आणि तोही पाकिस्तानात गेला. दरम्यान त्याच लष्कराची पुढची मोहीम तेलंगणातल्या कम्युनिस्टांविरुद्ध १९५१पर्यंत चालू राहिली. खास न्यायाधिकरणांनी फाशीच्या शिक्षा सुनावल्या आणि त्यांना दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९५० सालीच पटेलांनी संसदेत प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा मांडला. तात्पुरता म्हणून आलेला तो कायदा मुदतवाढ घेत १९६९पर्यंत टिकला.

तात्पुरत्या कठोर कायद्यांची ही वाट पुढे रुळली. टाडा हा दहशतवादविरोधी कायदा १९८५ साली आला. १९९५ साली तो संपेपर्यंत देशभर पंचाहत्तर हजारांहून अधिक लोक त्याखाली पकडले गेले होते आणि शिक्षा झालेल्यांचे प्रमाण शेकडा दोनच्याही खाली होते. महाराष्ट्राने १९९९ साली मकोका केला. पोटा २००२ साली आला, २००४ साली रद्द झाला. २६/११च्या हल्ल्यानंतर डिसेंबर २००८ मध्ये यूएपीए कडक करून आरोपपत्राशिवाय १८० दिवसांपर्यंत कोठडीत ठेवण्याची मुभा दिली गेली. त्या प्रत्येक वेळी सभागृहात झालेली भाषणे वाचली तर १९४८चा साचा दिसतो. कारवाई हवी की नको यावर घणाघाती वाद, आणि चुकीचा माणूस पकडला गेला तर काय, याला ओझरता स्पर्श.

त्याची किंमत मुंबईने अलीकडेच पाहिली. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, १८०हून अधिक माणसे गेली. विशेष न्यायालयाने २०१५ साली बारा जणांना दोषी धरले, पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष ठरवले. त्यातला एक तोवर तुरुंगातच वारला होता. सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाचा इतर खटल्यांत दाखला घेण्यास स्थगिती दिली आहे. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला २००८च्या मालेगाव स्फोटाच्या खटल्यात सातही आरोपी सुटले. आरोपी कोणत्याही धर्माचे असोत, लोकलमध्ये किंवा मालेगावच्या चौकात ज्यांचे माणूस गेले त्यांच्या हाती इतक्या वर्षांनी काही आले नाही. तपास घाईने उरकला की त्याची फेड अशी होते. जुलै २०२५ मध्येच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. त्याच्या बाजूचे आणि विरोधातले नेते टाडापासूनच्या या जमाखर्चाची वही समोर ठेवून बोलले असते तर ती चर्चा कितीतरी सकस झाली असती.

युद्धाचा खर्च नंतरची वर्षेही धरून मोजायची पद्धत जगात आता रुजते आहे. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातील अभ्यासकांनी २००१ नंतरच्या दहशतवादविरोधी युद्धांचा हिशेब मांडला. २०२१ साली त्यांनी तो आठ लाख कोटी डॉलरवर नेऊन ठेवला, कारण त्यात त्यांनी जखमी सैनिकांच्या पुढच्या कित्येक वर्षांच्या औषधपाण्याचा आणि कर्जावरच्या व्याजाचा खर्चही धरला. थेट हिंसेत मेलेल्यांचा त्यांचा अंदाज ८ लाख ९७ हजार ते ९ लाख २९ हजार असा आहे. ब्रिटनमध्ये चिलकॉट समितीने २०१६ साली इराक युद्धावर जो अहवाल दिला त्यातला कठोर ठपका सद्दाम हटवल्यानंतरच्या नियोजनावर आहे. बगदाद पडले तेव्हा पोलीस नव्हते, गोदामे लुटली जात होती, आणि पुढे फौजही बरखास्त झाली. सुंदरलाल अहवाल बासनात राहिला, चिलकॉट अहवाल मात्र छापला गेला, वादविवाद झाले, माजी पंतप्रधानांना उत्तरे द्यावी लागली.

रझाकारांचा बंदोबस्त व्हायलाच हवा होता. गोरटा आणि भैरनपल्लीची नावे ज्याने ऐकली आहेत त्याला याविषयी शंका राहणार नाही. सरहद्दीवरच्या कॅम्पांवर ज्यांनी ऐन तारुण्य घालवले त्यांच्या त्यागाला सुंदरलाल अहवालाने तसूभरही उणेपणा येत नाही. उलट तो त्याग ज्या राज्यासाठी होता ते राज्य आपल्या सगळ्या नागरिकांच्या जिवाचा हिशेब ठेवते, हे दाखवणे ही त्या लढ्याचीच पुढची पायरी होती.

अनंत भालेराव यांनी मुक्तिसंग्रामाचा इतिहास मराठीत लिहून ठेवला, नरहर कुरुंदकरांनी त्याची चिकित्सा केली. गावनिहाय यादीचे काम मात्र बाकी आहे. १९४६ ते १९४९ या काळात प्रत्येक गावात कोण गेले, रझाकारीत किती आणि ॲक्शननंतर किती, कोणाची जमीन कोणाकडे गेली, कोण परत आले. जमिनीच्या नोंदी बऱ्याच जागी अजून वाचता येतात, पण त्या उर्दूत आहेत आणि जुनी उर्दू दप्तरे वाचणारे हात कमी होत आहेत. १९४८ साली पंधरा वर्षांचे असलेले माणूस आज नव्वदी ओलांडून गेले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे धाराशिवला उपकेंद्र आहे. वाशी, कळंब, भूम, परांडा, उमरगा इथे महाविद्यालये आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना एकेक गाव वाटून दिले, हिंदू आणि मुसलमान दोन्ही घरांतल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी एकाच वहीत उतरवल्या आणि त्या दप्तराशी ताडून पाहिल्या, तर दोन-तीन वर्षांत जिल्ह्याची यादी उभी राहू शकते. खर्च फार नाही. उशीर मात्र आताच पुष्कळ झाला आहे.